अर्शील गॉर्कीची ॲबस्ट्रॅक्ट चित्रं बघायची कशी? सुरुवात आईच्या ॲप्रनपासून

ॲबस्ट्रॅक्ट, म्हणजे अमूर्त, चित्रासमोर उभं राहिलं की आपल्यातल्या बहुतेकांचं एकच होतं, हे नेमकं काय काढलंय, मला तर काहीच कळत नाही, आणि मग मुकाट्यानं पुढच्या चित्राकडे सरकायचं. माझंही कित्येक वर्षं तेच होत होतं. त्यातून मला बाहेर काढलं ते अर्शील गॉर्की नावाच्या आर्मेनियन चित्रकारानं, आणि तेही त्याच्या रंगीबेरंगी मोठ्या कॅनव्हासनं नाही तर त्याच्या लहानपणीच्या एका फोटोनं. म्हणून इथेही फोटोपासूनच सुरू करतो.

1912 साल. ऑटोमन साम्राज्यातलं, म्हणजे आजच्या पूर्व तुर्कस्तानातलं वान शहर. आई खुर्चीवर बसलीय, डोक्यावरून रुमाल घेतलेला, अंगावर पायघोळ ॲप्रन आणि ॲप्रनभर फुलाफुलांची नक्षी. शेजारी तिचा मुलगा उभा आहे, आठ-दहा वर्षांचा, अंगात कोट, हातात फुलांचा छोटासा गुच्छ. दोघंही सरळ कॅमेऱ्यात बघतायत, हसत कुणीच नाहीये. मुलाचे वडील काही वर्षांपूर्वीच अमेरिकेला निघून गेले होते, आणि हा फोटो त्यांना पाठवायला काढलेला होता.

त्या मुलाचं खरं नाव वोस्तानिक मानुक अदोयान. जन्म वान सरोवराच्या काठावरच्या खोर्कोम नावाच्या खेड्यातला, साल 1902 ते 1904 च्या मधलं कुठलंतरी, कारण तो स्वतःच वेगवेगळ्या लोकांना वेगवेगळी सालं सांगायचा. आईचं नाव शूशान, ती धर्मगुरूंच्या घराण्यातली. या सरोवरात अख्तमार नावाचं बेट आहे आणि त्यावर दहाव्या शतकातलं आर्मेनियन चर्च आहे, बाहेरच्या दगडी भिंतींवर माणसं, प्राणी, द्राक्षाचे वेल असं सगळं कोरलेलं, आणि त्या माणसांचे डोळे हे एवढे मोठे. आर्मेनियन पोथ्यांमधल्या चित्रांतही असेच टपोरे डोळे असतात. हे डोळे लक्षात ठेवा, पुढे लागणारेत.

फोटो काढला त्यानंतर तीन वर्षांत सगळं उद्ध्वस्त झालं. 1915 मध्ये ऑटोमन सरकारनं आर्मेनियन लोकांना घराबाहेर काढून वाळवंटाकडे हाकलणं आणि मारणं सुरू केलं, त्यात दहा लाखांच्या आसपास किंवा त्याहूनही जास्त माणसं गेली असं बहुतेक इतिहासकार मानतात आणि त्याला वंशसंहार म्हणतात, तुर्कस्तानचं सरकार मात्र हा शब्द आजही मान्य करत नाही. वानमधल्या आर्मेनियन लोकांनी एप्रिल 1915 मध्ये शहरात मोर्चेबांधणी करून आठवडे न् आठवडे झुंज दिली, मग रशियन फौज आली, थोडा श्वास घेता आला, आणि उन्हाळ्यात तीच फौज मागे सरकली तेव्हा लोकांना तिच्यामागोमाग रशियाच्या हद्दीत पळावं लागलं. शूशान आणि मुलं त्या लोंढ्यात पायी चालत येरेवानच्या बाजूला पोचली. तिथे निर्वासितांची खच्चून गर्दी, रोगराई, आणि वर दुष्काळ. मार्च 1919 मध्ये शूशान उपासमारीनं गेली. चाळिशीही गाठलेली नव्हती तिनं. मुलगा सोळा-सतरा वर्षांचा, बरोबर धाकटी बहीण वार्तूश.

ही दोघं भावंडं 1920 मध्ये जहाजानं अमेरिकेत उतरली. मोठ्या बहिणी आधीच तिथे गेल्या होत्या, वडीलही होतेच, पण बापलेकाचं काही जुळलं नाही, आणि इतक्या वर्षांनी, असं सगळं होऊन गेल्यावर, जुळणार तरी कसं. बॉस्टनजवळच्या वॉटरटाऊनमध्ये आर्मेनियन लोकांची मोठी वस्ती होती, तिथल्या रबराच्या कारखान्यात त्यानं काम केलं, मग बॉस्टनच्या आर्ट स्कूलमध्ये शिकला, शिकता शिकता शिकवायलाही लागला आणि 1924 च्या शेवटाकडे न्यू यॉर्क गाठलं.

आणि इथे त्यानं नाव बदललं. अर्शील गॉर्की! रशियन लेखक मॅक्झिम गॉर्कीचा मी नातेवाईक आहे असं तो सांगायचा, कधी म्हणायचा मी रशियन चित्रकार कांडिन्स्कीकडे शिकलोय, जन्मगाव म्हणून रशियातलं किंवा जॉर्जियातलं एखादं शहर ठोकून द्यायचा. गंमत म्हणजे मॅक्झिम गॉर्की हेही टोपणनावच होतं, त्या लेखकाचं खरं आडनाव पेश्कोव्ह. रशियन भाषेत गॉर्की म्हणजे कडू.

अनेक जण याला थापाडेपणा म्हणतात. मला ते पटत नाही. त्या काळात अमेरिकेत आर्मेनियन लोकांसाठी मदतफंड गोळा केले जायचे आणि त्यातून 'स्टार्व्हिंग आर्मेनियन्स' म्हणजे उपाशी आर्मेनियन हा शब्दप्रयोग घरोघरी पोचला होता, पोरानं ताटात टाकलं की आई म्हणायची, तिकडच्या उपाशी आर्मेनियन पोरांचा विचार कर. आता ज्याची आई खरोखर अन्नाविना गेलीय त्यानं जेवणाच्या टेबलावर हे वाक्य ऐकायचं. अशा माणसानं दुसरं नाव घेतलं तर मी त्याला नावं ठेवणार नाही.

आता चित्रांकडे. पहिली दहा-पंधरा वर्षं गॉर्कीनं केलं काय, तर दुसऱ्यांसारखी चित्रं काढली. आधी सेझान या फ्रेंच चित्रकारासारखी सफरचंदं न् टेबलं, अगदी सेझानचाच ब्रश वाटावा अशी, मग पिकासोसारखी, मग स्पॅनिश चित्रकार मिरोसारखी. समीक्षक म्हणायचे, हा नुसता नक्कल करतो. आपल्याकडे गाणं शिकणाऱ्याला हे समजायला जड जाऊ नये, गुरूसमोर बसून वर्षानुवर्षं त्याच्याच गळ्यातनं गायचं, तीच तान, तीच जागा, आणि कधीतरी फार उशिरा आपला स्वतःचा आवाज लागतो. गॉर्कीनं अशीच शागिर्दी केली, फक्त त्याचे उस्ताद पॅरिसला आणि तो न्यू यॉर्कच्या म्युझियममध्ये, मासिकांतले फोटो बघत. खायला पैसे नसले तरी रंग आणि ब्रश मात्र ढिगानं आणून ठेवायचा. 36 युनियन स्क्वेअर हा त्याच्या स्टुडिओचा पत्ता. विलेम डी कूनिंग, जो पुढे स्वतः जगप्रसिद्ध झाला, तो तिथे येऊन बसायचा, आणि आपण घडलो ते या पत्त्यावर असं त्यानं नंतर जाहीरपणे लिहिलंय.

याच काळात तो फोटो चित्र झाला. फोटो अमेरिकेत वडलांकडे होता, तिथून पुढे गॉर्कीच्या हाती आला, आणि 1926 च्या सुमारास त्यानं 'द आर्टिस्ट अँड हिज मदर' काढायला घेतलं. एक नाही, दोन कॅनव्हास, दोन्ही साधारण पाच फूट उंच. एक आज न्यू यॉर्कच्या व्हिटनी म्युझियममध्ये आहे, त्यावर तो साधारण दहा वर्षं काम करत होता. दुसरं वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीत, ते तर 1942 च्या आसपासपर्यंत चालूच होतं. म्हणजे सोळा वर्षं! रंग लावायचा, वाळू द्यायचा, मग ब्लेडनं खरवडायचा, पॉलिश पेपरनं घासायचा, पुन्हा वर रंग. त्यामुळे विशेषतः व्हिटनीतल्या चित्रात ब्रशचा फटकारा असा दिसतच नाही, पृष्ठभाग गुळगुळीत, वर्षानुवर्षं हात फिरून झिजलेल्या दगडासारखा.

आता फोटो आणि चित्र शेजारी ठेवून बघा. चेहऱ्यांवर मेहनत केलीय, आणि डोळे, ते अख्तमारचे टपोरे डोळे, आईचे तर समोर असूनही आपल्या पलीकडे कुठेतरी बघणारे. पण हात? हात काढलेलेच नाहीत. बोटं नाहीत, नखं नाहीत, पट्टी गुंडाळावी तसे नुसते पांढरट गोळे. ज्याला सेझान आणि पिकासो हुबेहूब जमतात त्याला हात जमत नव्हते असं कोण म्हणेल. आणि ॲप्रन. फोटोत फुलांनी भरलेला होता तो, चित्रात कोरा आहे. एकही फूल नाही, नुसता फिकट रंगाचा मोठा सपाट तुकडा, आईच्या छातीपासून खालपर्यंत.

हा कोरा ॲप्रन मला गॉर्की समजून घ्यायची किल्ली वाटतो. फुलं आठवत नव्हती असं नाही, फोटो समोरच होता. माझं मत असं की त्याला ती तेव्हा काढता येत नव्हती, म्हणजे हात चालत होता पण त्या फुलांना हात लावायची तयारी नव्हती. ती फुलं बाहेर आली ती बऱ्याच वर्षांनी, आणि दुसऱ्याच रूपात.

मधल्या काळात मंदी आली. अमेरिकन सरकारनं बेकार कलाकारांना काम द्यायची योजना काढली, त्यात गॉर्कीला न्यूअर्क एअरपोर्टची भित्तिचित्रं मिळाली, विमानाचे पंख, प्रोपेलर असे भाग सुटे करून रचलेली दहा मोठी पॅनेल्स. महायुद्धात एअरपोर्ट लष्कराकडे गेला आणि भिंतींवर सरळ साधा रंग मारला गेला. 1970 च्या दशकात रंगाच्या कित्येक थरांखालून दहातली दोन सापडली. बाकीची आठ गेली ती गेलीच. आणि युद्ध सुरू असताना याच माणसानं एका आर्ट स्कूलमध्ये कॅमफ्लाजचा वर्ग घेतला होता, म्हणजे शत्रूच्या नजरेपासून वस्तू लपवायची कशी ते शिकवायचा. स्वतःचं गाव, नाव, आई सगळं लपवून बसलेला माणूस.

तरी गाव चित्रांत डोकावतच होतं. 1930 च्या दशकातल्या काही चित्रांच्या नावात त्यानं खोर्कोम हा शब्द चक्क घातलाय, न्यू यॉर्कमध्ये कुणाला कळणार होतं म्हणा. मग आली 'गार्डन इन सोची' ही मालिका. सोची हे रशियातलं, काळ्या समुद्राकाठचं गाव, म्हणजे रशियन असल्याची बतावणी चालूच. पण न्यू यॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टनं चित्राबद्दल काहीतरी लिहून द्या म्हटल्यावर 1942 मध्ये त्यानं जे लिहिलं ते सगळं वडलांच्या बागेबद्दल आहे. घरापासून थोड्या अंतरावर बाग, सावलीत रानगाजरं उगवलेली, साळिंदरांची बिळं, काळ्या मातीत अर्धवट रुतलेला निळा खडक, आणि एक मोठं वठलेलं झाड. येणारेजाणारे लोक अंगावरच्या कपड्याची पट्टी फाडून त्या झाडाला बांधायचे, वर्षानुवर्षांच्या त्या रंगीत चिंध्या वाऱ्यावर फडफडायच्या आणि पलीकडे पॉपलरच्या उंच झाडांची सळसळ. नवसाच्या चिंध्या बांधलेलं झाड ज्यानं पाहिलंय त्याला हे वेगळं सांगायला नको. आता या मालिकेतलं चित्र उघडा. सपाट हिरवी नाहीतर पिवळी जमीन आणि त्यावर तरंगणारे बुटासारखे, पानासारखे, चिंधीसारखे आकार. झाड शोधू नका, सापडणार नाही. फडफड शोधा.

इथे ॲबस्ट्रॅक्टचा मुद्दा येतो, तो माझ्यापुरता मी असा समजून घेतलाय. गोधडी आठवा. आजीच्या जुन्या लुगड्याचा तुकडा, काकांच्या शर्टाच्या बाहीचा भाग, कुणाच्यातरी बारशाचं झबलं, सगळं टाक्यांनी धरून ठेवलेलं. त्यात लुगडं 'दिसत' नाही, ना पदर, ना निऱ्या, पण घरातल्या माणसाला तो हिरवा तुकडा बघितला की आजी आठवते. तुकडा खरा आहे, फक्त त्याची जागा आणि त्याची कड बदललीय. गॉर्कीची 1940 नंतरची चित्रं अशीच, वस्तू खऱ्या, पण त्यांच्या कडा सुटून एकमेकींत मिसळल्यात. फरक एवढाच की त्या घरातले आपण नाही, त्यामुळे आजी कोण ते आपल्याला ठाऊक नसतं, आपल्यापर्यंत पोचते ती ऊब. माझ्या लेखी तेवढं पुरेसं आहे.

कडा सुटायला कारणीभूत झाल्या दोन-तीन गोष्टी. 1941 मध्ये त्यानं ॲग्नेस मॅग्रुडरशी लग्न केलं, तो तिला लाडानं मूगूच म्हणायचा. 1943 च्या उन्हाळ्यात ते तिच्या आईवडलांच्या व्हर्जिनियातल्या शेतावर राहायला गेले आणि इतकी वर्षं शहरात कोंडलेला हा माणूस गवतात जाऊन बसला, अगदी खाली, नाकाशी पाती येतील असा, आणि पेन्सिल आणि रंगीत क्रेयॉननं दिवसभर ड्रॉइंग करत सुटला. बोंडं, बिया, मुळं, किडे, फुलांचे पोटातले भाग. लहान मूल खेड्यात जग बघतं त्याच उंचीवरून. शिवाय युद्धामुळे पॅरिसचे सररिॲलिस्ट, म्हणजे स्वप्नं आणि सुप्त मन यांतून कला घडवणारे कलाकार, न्यू यॉर्कला पळून आले होते, त्यांचा म्होरक्या आंद्रे ब्रेतों गॉर्कीच्या चित्रांवर भाळला, आणि चिलीहून आलेला तरुण चित्रकार मात्ता यानं त्याला सुचवलं की रंग टर्पेंटाईन घालून पातळ कर. आधी याच गॉर्कीच्या कॅनव्हासवर रंगाचे इतके जाड थर असायचे की चित्र उचलताना वजन जाणवावं. आता रंग पाण्यासारखा, ओघळणारा. आणि बारीक रेषेसाठी साईनबोर्ड रंगवणारे पेंटर वापरतात तो लांब केसांचा लायनर ब्रश, तो डी कूनिंगनं दाखवलेला.

यातून काय झालं ते नीट बघा, कारण ही गोष्ट कळली की अर्धं काम झालं. आपण लहानपणी चित्र काढतो तेव्हा आधी रेषेनं आंबा काढतो आणि मग रेषेच्या आत पिवळा भरतो. गॉर्कीनं रेषेला आणि रंगाला एकमेकांपासून मोकळं केलं. काळी रेघ आपल्या वाटेनं जाते, लाल डाग आपल्या जागी पसरतो, कधी रेघ डागाला चाटून जाते, कधी मधूनच कापते, पण 'आत भरणं' संपलं. 1944 च्या 'द लिव्हर इज द कॉक्स कोंब' या सहा फूट उंच आणि आठ फुटांहून रुंद कॅनव्हाससमोर (तो बफेलोच्या म्युझियममध्ये आहे) आपण गोंधळतो ते यामुळेच, डोळा सवयीनं रेषेच्या आत रंग शोधत असतो. ती सवय दोन मिनिटं सोडा. आधी फक्त रेषांच्या मागे जा, मग फक्त लाल आणि केशरी कुठे कुठे पेटलंय ते बघा.

एक गैरसमजही काढून टाकतो. ही चित्रं बघून वाटतं की माणसानं बेभान होऊन एका बैठकीत उडवलीत. तसं नाही. बऱ्याच चित्रांसाठी त्यानं आधी ड्रॉइंग केलं, त्यावर चौकोन आखले आणि चौकोनागणिक ते कॅनव्हासवर मोठं केलं, शाळेत आपण नकाशा मोठा करायला वापरायचो अगदी तीच पद्धत. जी रेघ सहज सुटल्यासारखी वाटते ती मोजून तिथे आणलेली असते.

आणि त्याच 1944 सालातलं दुसरं चित्र, सिॲटलच्या म्युझियममध्ये असलेलं. नावाचं मराठी करायचं तर 'माझ्या आईचा कशिदा काढलेला ॲप्रन माझ्या आयुष्यात कसा उलगडतो'. त्यात आई नाही, ॲप्रनही नाही. पातळ रंगांचे डाग आहेत, खाली आलेले ओघळ आहेत आणि त्यांच्यामधून फिरणाऱ्या बारीक काळ्या रेषा, धाग्यासारख्या. गॉर्कीच्या चित्रांची बरीच नावं ब्रेतों आणि इतर मित्रांबरोबरच्या गप्पांतून ठरायची, तेव्हा नावाला गाईडबुक समजून चित्रात कशिदा शोधत बसू नये हे खरं, पण ॲप्रन हा शब्द त्यानं त्याच्या चित्रावर राहू दिला हेही तितकंच खरं.

याच्यानंतर त्याच्या वाट्याला चारच वर्षं आली, आणि त्यातली शेवटची अडीच फार कठीण. 1945 च्या मार्चमध्ये ज्युलियन लेव्हीच्या गॅलरीत मोठं प्रदर्शन, कौतुक, दोन लहान मुली, मारो आणि नताशा, सगळं मार्गी लागतंय असं वाटत होतं. जानेवारी 1946 मध्ये कनेटिकटमधल्या शर्मनच्या स्टुडिओला आग लागली आणि वीसेक पेंटिंग्ज जळाली. मार्चमध्ये कॅन्सरचं ऑपरेशन, शरीराची कायमची परवड. तरी त्या उन्हाळ्यात पुन्हा व्हर्जिनियाच्या शेतावर जाऊन त्यानं जवळपास 300 ड्रॉइंग्ज केली, हे मला आजही थक्क करतं. 'चार्ड बिलव्हेड', 'ॲगनी' (म्हणजे वेदना), 'द बिट्रोदल' ही चित्रं याच काळातली, 'ॲगनी'तला तांबडा रंग तर निखाऱ्यासारखा. जून 1948 मध्ये गाडीला अपघात झाला, मान मोडली, चित्रं काढायचा हात काही काळ निकामी झाला. संसारही तुटत होता, ॲग्नेस मुलींना घेऊन गेली. 21 जुलै 1948 ला शर्मनमध्ये त्यानं आत्महत्या केली. बायकोलाही त्याची खरी ओळख कळली ती तो गेल्यानंतरच.

त्याच्याबद्दल इंटरनेटवर वाचताना एक काळजी घ्या. आर्मेनियाबद्दलची, आईबद्दलची फार सुंदर, काव्यमय वाक्यं गॉर्कीच्या पत्रांतली म्हणून फिरत असतात. त्यातली बरीच पत्रं त्याच्या एका भाच्यानं नंतर प्रसिद्ध केली होती आणि अभ्यासकांनी तपासल्यावर ती बनावट ठरली. म्हणून मी इथे तसलं एकही वाक्य दिलेलं नाही.

आपल्याशी त्याचा एक लांबचा धागा मात्र आहे. न्यू यॉर्कला आल्या आल्या गॉर्की ज्या स्कूलमध्ये शिकवायचा तिथे त्याच्या विद्यार्थ्यांत मार्क रोथको होता, जो पुढे रंगांच्या मोठमोठ्या पट्ट्यांच्या ॲबस्ट्रॅक्ट चित्रांसाठी गाजला. आणि आपले ॲबस्ट्रॅक्ट चित्रकार वासुदेव गायतोंडे, नागपुरात जन्मलेले आणि मुंबईत घडलेले, 1964 मध्ये फेलोशिपवर न्यू यॉर्कला गेले, त्यांची चित्रं बघणारे आजही सगळ्यात आधी रोथकोचं नाव काढतात. गायतोंडेंच्या कॅनव्हाससमोर जे कधी गप्प होऊन उभे राहिलेत त्यांना गॉर्की परका वाटणार नाही.

बघायचं असेल तर फोनवर नको, शक्यतो मोठ्या स्क्रीनवर उघडा. आधी 1912 चा फोटो, ॲप्रनवरची फुलं झूम करून बघा. मग व्हिटनीतलं चित्र, तो कोरा तुकडा आणि ते अर्धवट हात. मग सिॲटलचं. मी हे तिन्ही एकापाठोपाठ एक पहिल्यांदा बघितलं तेव्हा त्या शेवटच्या चित्रातल्या ओघळांवर किती वेळ थांबलो होतो ते आता सांगता येणार नाही, पण 'हे काय काढलंय' हा प्रश्न त्या रात्री मनात आला नाही.